एका पुस्तकातले दोन 'आम्ही'

दहावीचे पाठ्यपुस्तक हाती घेतले की मुखपृष्ठावर 'इतिहास व राज्यशास्त्र' अशी दोन नावे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पूर्वी या जागी 'इतिहास व नागरिकशास्त्र' अशी जोडी होती. शालान्त परीक्षेत या जोडीला मिळून ४० गुण आणि लिहिण्यासाठी दोन तासांचा अवधी. संसार जोडीचा असला तरी मान सारखा नाही. इतिहास थोरला, नागरिकशास्त्र धाकटे. वर्ष सुरू झाले की आधी थोरल्याची पाने उलटली जातात. धाकट्याची पाळी यायला बहुधा वार्षिक स्नेहसंमेलन उलटून गेलेले असते आणि मग उरलेल्या तासांत ती पाने भराभर संपवली जातात. मुलेही हे ओळखून असतात. ज्याच्या वाट्याला गुण थोडे, त्याच्या वाट्याला अभ्यासही थोडा, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

आम्हांला या दोन विषयांच्या जोडीकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते. दोन्ही विषय मुलाला एकच शब्द शिकवतात. तो शब्द म्हणजे 'आम्ही'. इतिहासाचे पुस्तक सांगते, आम्ही कोण होतो, आम्ही कोणाशी लढलो, आम्ही कसे जिंकलो आणि कसे हरलो. नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते, आम्ही मिळून हे राज्य कसे चालवतो. पहिला 'आम्ही' वारशाने येतो, दुसरा ठरवून घडवावा लागतो. हे दोघे एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असले तरी एक नव्हेत, आणि ज्या मुलाच्या घरचा इतिहास पुस्तकातल्या इतिहासाशी बिनतक्रार जुळत नाही त्याला हा फरक सर्वांत आधी जाणवतो. आमच्या वसईच्या मुलांना तो जाणवत आला आहे. त्याविषयी पुढे बोलूच. आधी या पुस्तकांचे कूळ पाहिले पाहिजे.

मराठी मुलाच्या हाती पडलेले इतिहासाचे पहिले महत्त्वाचे छापील पुस्तक मराठी माणसाने लिहिलेले नव्हते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि साताऱ्यास छत्रपतींच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट डफ हा तरुण स्कॉटिश अधिकारी आला. त्याने साताऱ्याची दफ्तरे चाळली, जुन्या घराण्यांकडून कागद मिळवले, माणसांना बोलते केले आणि मायदेशी परतल्यावर १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी रूपांतर अवघ्या तीन-चार वर्षांत करवून घेतले. 'मराठ्यांची बखर' या नावाने ते पुढे दीर्घकाळ शाळांतून चालले. ज्यांचे राज्य गेले त्यांच्या नातवंडांनी ते राज्य कसे मिळाले आणि कसे गेले हे जेत्यांच्या अधिकाऱ्याच्या तोंडून शिकावे, असा तो मामला होता. डफ हा दुष्ट माणूस नव्हता. त्याचे परिश्रम मोठे होते, आणि त्याच्याइतकी कागदपत्रे त्याच्यापूर्वी कोणी एकत्र पाहिली नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. मात्र मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानात वाळल्या गवताने अकस्मात पेट घ्यावा तसा काही प्रकार, अशी त्याची समजूत होती. वणव्याला योजना नसते आणि विचारही नसतो. तो लागतो आणि विझतो, एवढेच.

ही समजूत वर्गातल्या बाकांवर बसून ऐकणाऱ्यांपैकीच एकाने तिला हात घातला, ही आमच्या मते महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील फार मोलाची घटना आहे. १८६७ साली पुण्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने तरुणांच्या एका सभेपुढे डफच्या बखरीवर टीका करणारा निबंध वाचला. तो पुढे छापून प्रसिद्धही झाला. कीर्तने यांनी केवळ 'आमच्या पूर्वजांची निंदा केली' अशी तक्रार केली असती तर तो निबंध आज कोणाच्या लक्षातही राहिला नसता. त्यांनी विचारले ते असे : या ग्रंथकाराने जे कागद वापरले ते कोठे आहेत? ते आम्हांला पाहायला मिळतील काय? अमुक विधान कोणत्या आधारावर केले? दुसरी बखर वेगळे सांगते तेव्हा हीच खरी कशावरून? ज्या पुस्तकावर पिढ्यान्पिढ्या परीक्षा दिल्या त्या पुस्तकालाच एका विद्यार्थ्याने परीक्षेस बसवले. पुढे कीर्तने यांनी स्वतः जुनी बखर संपादून छापली, म्हणजे दुसऱ्याला मागितलेला पुरावा स्वतःही पुढे केला.

त्या एका निबंधानंतर वाट रुंद होत गेली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या 'निबंधमाले'त इतिहास या विषयावर विस्ताराने लिहिले. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवण्यासाठी गोविंद सखाराम सरदेसाई टिपणे काढू लागले आणि त्यांतून 'रियासत' उभी राहिली. म्हणजे मराठीतील एका मोठ्या इतिहासग्रंथाचा जन्मदेखील शिकवणीच्या वहीतच झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर लिहिताना डफच्या वणव्याला उत्तर दिले. संतांनी पेरलेला विचार, लोकांच्या संस्था, भाषेने आणलेली एकी यांकडे त्यांनी बोट दाखवले. रानडे हे १८५९ साली झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला बसलेल्यांपैकी एक. जी व्यवस्था मुलांना इंग्लंडच्या राजांची नावे पाठ करायला लावीत होती तिच्याच वर्गांतून तिला प्रश्न विचारणारे बाहेर पडले.

नागरिकशास्त्राचे कूळ याहून अलीकडचे आणि, खरे सांगायचे तर, कमी अभिमानास्पद आहे. १८९७ साली सर विल्यम ली-वॉर्नर यांचे 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ली-वॉर्नर मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलांनी आपल्यावर राज्य कसे चालते हे समजून घ्यावे, या हेतूने ते लिहिलेले होते. पुस्तक खेड्यापासून सुरू होते, मग शहर, मग जिल्हा, मग प्रांत, मग संस्थाने आणि शेवटी समग्र हिंदुस्थान व साम्राज्य. त्यात शांतता आहे, आरोग्य आहे, जमाखर्च आहे, शिक्षण आहे. मुखपृष्ठावर 'सिटिझन' असा शब्दही आहे. मात्र ज्याला मत देता येत नाही, कायदा करणाऱ्यांना निवडता येत नाही आणि काढता तर मुळीच येत नाही, तो कसला नागरिक, हा प्रश्न त्यात नाही. ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तापायी घरांची झडती चालली होती, रँडचा वध झाला आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. राज्य चालते कसे याचा त्या वर्षीचा प्रत्यक्ष धडा पुस्तकाबाहेर होता.

याच्या पंधरा वर्षे आधी, १८८२ साली, हंटर कमिशनपुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी शाळेत काय शिकवावे याची वेगळीच यादी दिली होती. मोडी व बालबोध वाचणे-लिहिणे, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचे ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे काही पाठ. कुणब्याच्या मुलाला तलाठ्याचा कागद स्वतः वाचता आला पाहिजे, सावकाराचा हिशेब स्वतः तपासता आला पाहिजे, हा त्या यादीमागचा रोख आम्हांला दिसतो. तिला 'नागरिकशास्त्र' असे नाव फुल्यांनी दिले नाही. तरीही आमच्या मते महाराष्ट्रातील नागरिकशास्त्राचा पहिला खरा अभ्यासक्रम तोच. ली-वॉर्नर यांचा नागरिक सरकारकडे पाहतो. फुल्यांचा विद्यार्थी सरकारचा कागद उलटून पाहतो.

स्वातंत्र्यानंतर या शब्दात प्राण आला. १९५० साली प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मताचा हक्क मिळाला. पुढे १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि शाळा सोडल्यावर दोनतीन वर्षांतच मुलगा किंवा मुलगी मतदार होऊ लागली. महाराष्ट्रात माध्यमिक मंडळाची घडी बसली. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि 'बालभारती' हे नाव घरोघर पोचले. स्वस्त, सुबक आणि राज्यभर एकसारखे पुस्तक खेड्यातल्या मुलाच्याही हाती पडू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. अभ्यासक्रम अनेकदा बदलले. नागरिकशास्त्राची चाल मात्र फारशी बदलली नाही. आधी गाव, मग शहर, मग जिल्हा, मग राज्य, मग संसद. प्रत्येक पायरीवर सदस्यसंख्या, पात्रता, मुदत, कामे. ली-वॉर्नर यांच्या पुस्तकाची ही चढती भाजणी आमच्या मुलांच्या वह्यांतून सव्वाशे वर्षांनंतरही वाचता येते. साम्राज्य गेले, संविधान आले, पण अधिकाऱ्यांच्या याद्या राहिल्या.

आता वसईकडे येऊ. शालेय इतिहासात वसईचे नाव ठरावीक प्रसंगी येते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली तेव्हा, १७३९ साली चिमाजीआप्पांनी वसईचा किल्ला जिंकला तेव्हा, आणि १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तेव्हा. यांपैकी मधला प्रसंग वर्गात रंगून सांगितला जातो, आणि का सांगितला जाऊ नये? युरोपीय सत्तेचा भक्कम सागरी किल्ला, दोन वर्षे चाललेली मोहीम, दलदल, सुरुंग, दोन्हीकडची मोठी प्राणहानी आणि अखेर मे महिन्यातील शरणागती. 'आम्ही जिंकलो,' असे गुरुजी म्हणतात. शेवटच्या बाकावर डिमेलो किंवा रॉड्रिग्ज आडनावाचा मुलगा बसलेला असतो. त्याच्या मनात एक क्षणभर प्रश्न येतो, आम्ही म्हणजे कोण? मी जिंकलो की हरलो? तो मराठी बोलतो, मराठीत प्रार्थना करतो, त्याच्या आजीच्या ओव्या मराठी आहेत, वाडीतली केळी आणि पानवेली ज्यांनी लावली ते त्याचे पूर्वज येथल्याच मातीतले. त्याचे आडनाव मात्र हरलेल्यांच्या बाजूचे आहे. क्वचित मधल्या सुटीत कोणी सोबती तसे बोलूनही दाखवतो.

या प्रश्नावर आपल्या समाजाने दोन सोपी उत्तरे शोधून ठेवली आहेत. दोन्ही आम्हांला अपुरी वाटतात. पहिले उत्तर असे की तो धडा निमूटपणे पाठ करावा, गुण मिळवावेत आणि घरी येऊन विसरावा. दुसरे असे की शाळेचा इतिहास त्यांचा, आपला इतिहास वेगळा. तो म्हणजे चर्चची बांधणी, संत गोन्सालो गार्सियांचे १५९७ सालचे नागासाकी येथील हौतात्म्य आणि मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळा. यांतले सगळे खरे आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु हा 'आपला' इतिहास सांगताना आपणही पाने गाळतो. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, १५६० साली गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनचा हात उत्तरेच्या प्रांतापर्यंत पोचत होता, त्या जाचाची गाऱ्हाणी पुण्यापर्यंत गेली होती, हे आपल्या स्मरणिकांतून किती वेळा छापले जाते? गाळलेल्या पानांचा इतिहास दोन्हीकडे सारखाच लंगडा असतो.

आणि मुळात १७३९ ची गोष्ट 'जिंकले' आणि 'हरले' या दोन शब्दांत मावणारी नाही. शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळता यावा अशी अट होती. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक आणि त्यांची कुटुंबे जहाजांतून निघून गेली. शेतकरी, कोळी, बागायतदार येथेच राहिले. काही घरे पुन्हा हिंदू धर्मात गेली, अनेक ख्रिस्ती राहिली. सामवेदी बोली आजही हिंदूंच्या आणि ख्रिस्तींच्या अशा दोन्ही घरांत ऐकू येते. मराठी सत्तेच्या काळात वसईतल्या ख्रिस्ती शेतकऱ्याने सारा पुण्याच्या अमलदारांना भरला. तेव्हा तो कोणाचा होता? पोर्तुगिजांचा तर नव्हताच, ते गेले होते. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर १७३९ च्या मोहिमेत नाही. ते त्यानंतरच्या वर्षांत आहे. पाठ्यपुस्तक मात्र मोहीम संपताच पान उलटते, कारण राज्यकर्त्यांचा इतिहास तेथे पुढच्या लढाईला निघालेला असतो.

हीच गोष्ट घंटांवरून शिकवता येईल. वसईच्या चर्चांतील घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरावर जी प्रचंड घंटा आहे तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे आणि ती वसईहून आली असे मानले जाते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरची घंटाही याच परंपरेतली सांगतात. एखाद्या वर्गाने या घंटांवर आठवडाभर काम केले तर काय काय हाती लागेल! घंटेवरील अक्षरे कोणत्या लिपीत आहेत? ती ओतली कोठे? ती वसईचीच हे कशावरून? ती नाशकास कोणी नेली, आणि लोक तिला आज काय म्हणतात? एका धर्माच्या प्रार्थनेची घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळावर कित्येक पिढ्या टिकून राहिली, हा लुटीचा पुरावा म्हणायचा की जतनाचा? आमच्या मते दोन्हीचा. पंधरा वर्षांच्या मुलाला 'दोन्ही' हे उत्तर झेपते. आपण त्याला ते देत नाही, कारण प्रश्नपत्रिकेत कंसातला एकच पर्याय निवडायचा असतो.

येथे फादर हेन्री हेरास यांची आठवण होणे साहजिक आहे. हे स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. कोणता इतिहास शिकवणार, असे विचारले गेले तेव्हा युरोपचा इतिहास शिकवून आलेल्या या माणसाने भारताचा इतिहास निवडला आणि त्या वयात तो नव्याने शिकायला घेतला. १९२६ साली त्यांनी उभी केलेली संशोधनसंस्था आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. त्यांनी विद्यार्थ्यांना नाणी, शिलालेख, मूर्ती आणि हस्तलिखिते यांच्यासमोर नेऊन उभे केले. जन्माने या देशाचे नसलेल्या माणसाला येथल्या इतिहासाविषयी 'आमचा' हा शब्द अभ्यासाने मिळवता येतो, याचे ते उदाहरण. मग जे येथेच जन्मले त्यांना तो वापरताना अडखळावे का लागावे?

अलीकडच्या पुस्तकांविषयी बोलताना मात्र न्याय केला पाहिजे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाने एक धाडस केले. लढाया आणि सनावळ्या बाजूला ठेवून त्याने इतिहास लिहिला कसा जातो हाच विषय मांडला. पाश्चात्त्य आणि भारतीय इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स आणि मिशेल फुको ही नावे मराठी माध्यमाच्या दहावीच्या वर्गात उच्चारली गेली. कीर्तने यांनी १८६७ साली जे विचारले ते विचारायला शिकवण्याचा हा खटाटोप होता आणि त्याचे मनापासून स्वागत करावे असेच आम्हांला वाटते. घडले मात्र असे की पद्धतीचा धडादेखील माहितीचा धडा झाला. इतिहासलेखनाचा अमुक प्रकार कोणी मांडला, त्याच्या ग्रंथाचे नाव काय, चुकीची जोडी ओळखा. पुराव्याची छाननी कशी करावी हे सांगणाऱ्या प्रकरणावर पुरावा न पाहता उत्तरे लिहिता येऊ लागली. मार्गदर्शकांच्या बाजारात फुकोचेही दोन ओळींत मार्गदर्शक उत्तर मिळते. दोष एकट्या पुस्तकाचा नाही. लाखो उत्तरपत्रिका थोड्या आठवड्यांत तपासायच्या असतील तर परीक्षा तेच विचारते जे झटपट तपासता येते.

राज्यशास्त्राच्या बाजूला एक वेगळीच अडचण आहे. गावाचा आणि शहराचा कारभार, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, हा भाग मूल सहावीत शिकते. तेव्हा त्याचे वय अकरा-बारा. नववीत आंतरराष्ट्रीय घडामोडी, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे. दहावीत संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने. म्हणजे मतदार होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याला सुरक्षा परिषदेचे स्थायी सदस्य सांगता येतात. आपल्या गावचा विकास आराखडा कोण मंजूर करतो, त्यावर हरकत कोठे व कशी नोंदवायची, हे त्याला आठवत नाही, कारण ते त्याने बालवयात वाचून सोडून दिलेले असते.

आणि वसईत तर हे प्रश्न पुस्तकातले राहिलेलेच नाहीत. हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने चळवळ उभारली, सर्व धर्मांचे वसईकर तीत उतरले. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा आपली गावे महापालिकेत असावीत की ग्रामपंचायतीच राहाव्यात, यावरून गावेच्या गावे रस्त्यावर आली. प्रकरण मंत्रालयात गेले, न्यायालयात गेले. ग्रामपंचायत आणि महानगरपालिका यांतील फरक या मुलांच्या आयांना मोर्चात चालून समजला. दहावीच्या पुस्तकात सामाजिक चळवळींवर प्रकरण आहे. त्यात पर्यावरणाच्या चळवळी आहेत, शेतकऱ्यांच्या आहेत, स्त्रियांच्या आहेत. ते शिकवताना किती वर्गांत शिक्षकांनी मुलांना विचारले असेल की तुमच्या घरातून मोर्चाला कोण गेले होते, ते काय मागत होते आणि विरुद्ध बाजूचे म्हणणे काय होते? पाणी, रस्ते, रुग्णालय यांसाठी महापालिका हवी म्हणणारेही याच मातीतले होते, त्यांचेही ऐकून घेणे हा त्या धड्याचाच भाग.

दुसरा 'आम्ही' असा घडतो. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचा पहिला शब्द 'आम्ही' हा आहे, आणि त्या शब्दात १७३९ चे जेते-पराजित असा भेद नाही. तो कसा आला याची हकिगत मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. संविधान सभेचे उपाध्यक्ष डॉ. एच. सी. मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच होते. मद्रासमधून आलेले येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा आणि राजकुमारी अमृत कौर या ख्रिस्ती सभासदांनीही त्या सभेत काम केले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळांत राखीव जागा ठेवण्याचे ठरले होते. १९४९ च्या मे महिन्यात त्या सोडून देण्याचा निर्णय झाला. मुखर्जी आणि डिसोझा यांनी त्यास पाठिंबा दिला. राखीव जागा नकोत. धर्म पाळण्याचे, त्याचा प्रसार करण्याचे आणि आपल्या संस्था चालवण्याचे स्वातंत्र्य हवे, आणि बाकी सर्वांबरोबर एकाच मतदारयादीत नाव हवे, अशी ती भूमिका होती. ती शहाणपणाची होती की भाबडी, यावर आजही दोन मते असू शकतात. विधानसभेतील ख्रिस्ती आमदारांची संख्या मोजणाऱ्या आपल्या काही बांधवांना ती भाबडी वाटते. आम्हांला ती आपल्या समाजाने घेतलेल्या सर्वांत मोठ्या राजकीय निर्णयांपैकी एक वाटते, आणि असा निर्णय झाला होता हेच आपल्या शाळांतून, ज्या शाळा त्याच घटनेच्या ३० व्या कलमाखाली चालतात, बाहेर पडणाऱ्या मुलांना ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. संविधान सभेतील चर्चेचे वृत्तान्त छापलेले आहेत. त्यांतील दोन भाषणे, एक बाजूचे आणि एक विरुद्ध, दोन तासिकांत वाचून होतील. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

अभ्यासक्रम तर बदलणारच आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नव्या आराखड्यांची चर्चा सुरू झाली आणि पुढच्या काळात कोणता राजा राहिला, कोणता गेला, कोणाला किती पाने मिळाली यावर वाद होत राहतील. २०१७ साली सातवीच्या पुस्तकात मोगलांची पाने कमी झाली तेव्हा ते झालेच. हे वाद निरर्थक नसतात. पानांच्या संख्येत समाजाची मने दिसतात. तरीही आमचे लक्ष वर्गात काय होते तिकडे अधिक आहे. पोर्तुगिजांवर दोन पाने असली काय आणि चार असली काय, 'हे कशावरून?' असे विचारण्याची सवय नसलेल्या मुलाला दोन्ही सारखीच.

सवय लावण्यासाठी कोठे दूर जावे लागते असेही नाही. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांचे रूढ दिवस म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. गंमत अशी की यांतील पहिल्या तीन दिवशी शाळेत झेंडावंदन असते. मुले कडक इस्त्रीच्या गणवेशात रांगेत उभी राहतात, राष्ट्रगीत होते, पाहुण्यांचे भाषण होते. त्याच सकाळी किंवा दुपारी ग्रामपंचायतीच्या आवारात सतरंजी अंथरलेली असते, ग्रामसेवक मागच्या सभेचे इतिवृत्त वाचत असतात, कोणी गटाराचा तर कोणी पाण्याच्या टाकीचा हिशेब मागत असतो, आणि गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब होण्याचीही पाळी येते. नववी-दहावीच्या मुलांना तेथे तासभर मागच्या बाजूला बसवावे, असे फार थोड्या शाळांना सुचले आहे. वसई तालुक्यातही जेथे ग्रामपंचायती आहेत तेथे हे दोन्ही समारंभ एकाच दिवशी, हाकेच्या अंतरावर चालतात. झेंडावंदन आटोपले की मुलांच्या हातावर खाऊ ठेवला जातो आणि ती पंचायतीच्या दारावरून घरी जातात.